गुप्तरोग झाला की एचआयव्हीची तपासणी का आणि कशी करायची: नागपूरकरांसाठी

लघवीच्या जागी फोड आला, पू येऊ लागला किंवा जांघेत गाठ सुजली की बरेच जण औषधाच्या दुकानातून गोळ्या आणि मलम आणतात आणि आठ-दहा दिवस वाट पाहतात. त्रास थांबला की विषय मिटला असं धरलं जातं. पण यातले कित्येक आजार वरून शांत होतात आणि आत चालूच राहतात, आणि ज्या संबंधातून ते आले त्याच संबंधातून एचआयव्हीही आलेला असू शकतो. म्हणून गुप्तरोगाचा उपचार आणि एचआयव्हीची तपासणी एकाच फेरीत करायची, जोडीदारालाही सोबत तपासायचं आणि पुढच्या तपासणीची तारीख त्याच दिवशी लिहून घ्यायची. हे कसं करायचं ते खाली सविस्तर दिलं आहे.

आधी घाईचं काम: ७२ तास

कंडोमशिवाय संबंध आला, कंडोम फाटला किंवा कोणी जबरदस्ती केली, आणि त्याला अजून ७२ तास झाले नसतील, तर उरलेला लेख नंतर वाचा. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) किंवा मेयो रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठा, रात्र असली तरी. एचआयव्ही अंगात रुजू नये म्हणून औषध देता येतं, त्याला पेप म्हणतात. पहिली गोळी दोन तासांच्या आत मिळाली तर उत्तम. जसजसे तास जातात तसतसा तिचा उपयोग घटतो, आणि ७२ तासांनंतर ती सुरू करत नाहीत. साधारणपणे टेनोफोविर ३०० मिलीग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलीग्रॅम आणि डोल्युटेग्राविर ५० मिलीग्रॅम एकत्र असलेली गोळी रोज एक, सलग २८ दिवस घ्यायची असते. सुरुवातीला एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बीसाठी रक्त घेतात, पण रिपोर्टसाठी पहिला डोस थांबवायचा नाही.

सरकारी रुग्णालयात ही औषधं मुख्यतः सुई टोचलेले आरोग्य कर्मचारी आणि लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्ती यांच्यासाठी ठेवलेली असतात. इतरांना ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बाहेरून विकत घ्यावी लागू शकतात. तेव्हा लाज आणि पैसे या दोन्हींचा विचार बाजूला ठेवून थेट विचारा: "मला पेप सुरू करायचं आहे, इतके तास झाले आहेत." अत्याचार झाला असेल तर सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने तातडीचे उपचार मोफत द्यायचे असा कायदा आहे. आधी पोलिसांत जाऊन या, असं सांगून परत पाठवता येत नाही.

या गोळीसोबत लोह, कॅल्शियम किंवा पित्ताचं औषध एकाच वेळी घेऊ नका. गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. बऱ्याच जणांचं औषध दहा-बारा दिवसांनी, भीती ओसरली की सुटतं. २८ दिवस म्हणजे २८ दिवस.

गुप्तरोगामुळे एचआयव्हीचा धोका का वाढतो

धडधाकट कातडी एचआयव्हीला सहसा आत येऊ देत नाही. गरमी (उपदंश, सिफिलिस) किंवा हर्पिस झाला की तिथे जखम होते आणि विषाणूला सरळ वाट मिळते. पण जखम हे अर्धंच कारण आहे. जंतुसंसर्ग झालेल्या जागी शरीर आपल्या संरक्षक पेशी पाठवतं. त्यांत सीडी-४ पेशी असतात, आणि एचआयव्ही नेमका याच पेशींमध्ये शिरून वाढतो. म्हणजे जिथे विषाणू पोचण्याची शक्यता जास्त, तिथेच त्याला हव्या त्या पेशी दाटीने जमलेल्या असतात. म्हणून जखम नसली आणि नुसता पू किंवा पांढरं पाणी जात असलं (परमा म्हणजे गनोरिया, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास), तरीही धोका वाढतो. जननेंद्रियाच्या हर्पिसचा विषाणू अंगात असलेल्यांना एचआयव्ही होण्याचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट आढळतो.

उलट दिशेनेही हेच घडतं. एखाद्याला एचआयव्ही आहे, औषध सुरू नाही, आणि त्यात परमा झाला, तर त्याच्या वीर्यात एचआयव्हीचं प्रमाण वाढतं. परम्याचा उपचार केला की ते खाली येतं.

टांझानियातल्या म्वान्झा भागात १९९०च्या दशकात गावच्या दवाखान्यांमधून गुप्तरोगांचे उपचार नीट सुरू केले गेले, तेव्हा त्या गावांत नव्याने होणारा एचआयव्ही सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. दुसरीकडे, हर्पिस असलेल्यांना रोज असायक्लोव्हिर देऊन एचआयव्ही टळतो का, हेही तपासलं गेलं, आणि तो टळला नाही. जखम भरल्यावरही त्या जागी सीडी-४ पेशी कित्येक आठवडे दाटून राहतात, हे त्यामागचं एक कारण दिसतं. तेव्हा उपचार घ्यायचेच, पण जखम वाळली म्हणून लगेच कंडोम सोडायचा नाही.

काय दिसतं, त्यावरून काय समजायचं

लोक सगळ्यात जास्त फसतात ते गरमीच्या म्हणजे उपदंशाच्या जखमेला. ती दुखत नाही. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी (९ ते ९० दिवसांत कधीही) एकच गोल जखम येते. तिच्या कडा हाताला कडक लागतात, तळ स्वच्छ असतो. बाईच्या योनिमार्गात आत, गुदद्वारात किंवा तोंडात असेल तर ती दिसतच नाही. काहीही औषध न घेता तीन ते सहा आठवड्यांत ती भरते. माणूस निर्धास्त होतो, आणि काही आठवड्यांनी अंगावर चट्टे येतात. तळहात आणि तळपायावर न खाजणारे तांबूस-तपकिरी चट्टे दिसले तर ती उन्हाळ्याची उष्णता समजू नका. गरमीची रक्ततपासणी त्याच आठवड्यात करून घ्या.

हर्पिस याच्या उलट वागतो. आधी चुणचुण, मग द्राक्षांच्या घोसासारखे बारीक पाण्याचे फोड, ते फुटून उथळ आणि फार दुखणाऱ्या जखमा. वर्षातून काही वेळा त्याच जागी परत येणं ही त्याची खूण. परम्यात दोन ते सात दिवसांत लघवीला आग आणि पिवळसर दाट पू. क्लॅमिडियाला एक ते तीन आठवडे लागतात, स्राव पातळ असतो, आणि बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही. हाच न जाणवणारा आजार पुढे गर्भनलिका बंद करतो. ट्रायकोमोनासमध्ये फेसाळ, हिरवट-पिवळं, वास मारणारं पाणी जातं.

काही गोष्टी गुप्तरोग नसतात, हेही सांगायला हवं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जांघेत खाजणारे गोल चट्टे उठतात ते बहुधा गजकर्ण. दह्याच्या कवडीसारखं घट्ट पांढरं आणि खाज ही बुरशी, आणि ती वारंवार होत असेल तर आधी साखर तपासा. शिश्नाच्या टोकाच्या कडेला एका ओळीत असणारे मोत्यासारखे बारीक दाणे नैसर्गिक, निरुपद्रवी असतात. आणि स्वप्नात वीर्य जाणं किंवा 'धात जाणं' हा रोगच नाही. बसस्टँडच्या भिंतींवर ज्यांच्या जाहिराती असतात त्यांचा धंदा याच भीतीवर चालतो. त्यांच्याकडे गेलेला वेळ आणि पैसा तर परत येत नाहीच, खरा आजार असेल तर तोही तेवढे दिवस वाढतो.

दोन वेळा थेट कॅज्युअल्टीत जायचं. तरुण मुलाचा एक अंड अचानक जोरात दुखायला लागला तर त्याला पीळ बसलेला असू शकतो, आणि तो काही तासांत सोडवावा लागतो. बाईच्या ओटीपोटात जोरात दुखतंय आणि पाळी चुकलेली आहे, तर गर्भ नळीत असण्याची शक्यता तपासावीच लागते.

दवाखान्यात जाण्याआधी

मलम लावू नका. दुकानात मिळणाऱ्या खाजेच्या मलमांत स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असतं. त्याने लाली दोन दिवसांत उतरते, रोग पसरतो, आणि डॉक्टरला खरं चित्र दिसत नाही. डेटॉल, लिंबू, तुरटी, गरम पाण्याचा शेक यांनी जखम आणखी सोलते. बायकांनी आतून धुऊ नये, त्याने योनीतले उपयोगी जंतू वाहून जातात आणि एचआयव्हीसह सगळ्याच संसर्गांचा धोका वाढतो. बाहेरून साधं पाणी पुरे. उरलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या खाऊ नका. परम्याचे जंतू भारतात त्याला फार पूर्वीच सरावले आहेत.

पू येत असेल तर तपासणीआधी दोन तास लघवी करू नका, नाहीतर नमुना धुतला जातो. सकाळी घरून निघतानाच हे ध्यानात ठेवा, कारण रांगेत उभं राहून मग बाथरूमला जाऊन आलेला माणूस आत गेल्यावर स्वाब कोरडा निघतो. एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: शेवटचा असुरक्षित संबंध कोणत्या तारखेला, त्रास कधी सुरू झाला, आजवर कोणतं औषध घेतलं (रिकामी पट्टी सोबत न्या) आणि पेनिसिलिनची किंवा दुसऱ्या कशाची ॲलर्जी आहे का. बाईने शेवटच्या पाळीची तारीखही लिहावी.

नागपुरात कुठे जायचं

मेडिकल चौकातलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सीए रोडवरचं मेयो आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे त्वचारोग विभाग आहे, आणि गुप्तरोग तिथेच पाहिले जातात. चिठ्ठीच्या खिडकीवर सगळं सांगायची गरज नाही. "स्किनची ओपीडी" एवढं म्हटलं की पुरे. बायकांना गांधीबागेतलं डागा स्त्री रुग्णालय सोयीचं पडतं. सरकारी रुग्णालयांत गुप्तरोगाच्या मोफत सेवेला 'सुरक्षा क्लिनिक' असं नाव आहे, आणि एचआयव्हीच्या मोफत समुपदेशन-तपासणी केंद्राला सगळे आयसीटीसी म्हणतात. कोणतं केंद्र जवळ आहे हे १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारता येतं. वाडी किंवा कळमन्यात गाडी लावून थांबलेल्या ड्रायव्हरला आणि बुटीबोरीत पाळीत काम करणाऱ्याला हा फोन विशेष उपयोगी, कारण पुढच्या मुक्कामाचं केंद्रही तिथून कळतं.

आत गेल्यावर डॉक्टर कपडे काढून तपासतील. न तपासता नुसतं ऐकून गोळ्या लिहून देत असतील तर "एकदा बघून घ्या" असं म्हणा. पुरुषांच्या पुरुषांशी आलेल्या संबंधात जखम किंवा पू गुदद्वारात असतो, मुखमैथुनाने घशातही. हे सांगितलं नाही तर तिथे कोणी बघत नाही आणि आजार तसाच राहतो. समोरच्या डॉक्टरने भुवया उंचावल्या तरी जागा सांगायचीच.

त्याच दिवशी एवढं करून घ्या: एचआयव्ही, गरमीसाठी व्हीडीआरएल किंवा आरपीआर, हिपॅटायटिस बी, आणि पू असेल तर त्याचा स्मिअर (काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं). खासगी लॅबमध्ये परमा-क्लॅमिडियासाठी लघवीची नॅट तपासणी (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) होते. त्यासाठी पुरुषांनी पहिल्या धारेची २०-३० मिलिलिटर लघवी द्यायची, मधल्या धारेची नव्हे. नेहमीच्या लघवीच्या तपासणीला मधली धार लागते, त्यामुळे सवयीने चुकीचा नमुना जातो आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. बायकांसाठी योनीतला स्वाब लघवीपेक्षा चांगला. 'संपूर्ण गुप्तरोग पॅकेज'मध्ये हर्पिसची आयजीएम तपासणी घातलेली असते, तिच्यावर पैसे घालवू नका. ती नवा-जुना संसर्ग ओळखू शकत नाही आणि उगाच घरात वादळ उठवते. हर्पिस डोळ्यांनी ओळखावा किंवा ताज्या फोडाच्या स्वाबवरून.

आयसीटीसीत काय होतं

समुपदेशक आधी बोलतात, मग संमती घेतात, मग रक्त. पहिली झटपट तपासणी निगेटिव्ह आली तर तोच रिपोर्ट, बहुधा त्याच दिवशी. पहिलीत काही दिसलं तर त्याच रक्तावर वेगळ्या पद्धतीच्या आणखी दोन तपासण्या होतात, आणि तिन्ही जुळल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. त्यांचं एकमेकींशी जुळलं नाही तर दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. तेवढ्यात स्वतःच निकाल लावून मोकळं होऊ नका.

रक्तात खुणा उमटायला वेळ लागतो. काल-परवाच्या संबंधाबद्दल आजची तपासणी काही सांगत नाही, ती आजच्या आधीची स्थिती दाखवते, आणि तीही माहीत असणं गरजेचं आहे. पुढची तपासणी त्या संबंधापासून तीन महिन्यांनी. पेप घेतलं असेल तर सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिने अशा तीन तारखा. ज्यांचे जोडीदार बदलतात त्यांनी दर सहा महिन्यांनी तपासायला हवं. या मधल्या काळात कंडोम वापरा. एचआयव्ही नुकताच झालेल्या माणसाच्या रक्तात पहिल्या काही आठवड्यांत विषाणू सगळ्यात जास्त असतो, आणि नेमकी तेव्हाच तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. तपासणी होऊन जाईल या हिशेबाने रक्तदान तर अजिबात करू नका, कारण तीच पिशवी कुणाला तरी चढते.

औषध घेताना कुठे चुकतं

सुरक्षा क्लिनिकमध्ये लक्षणांप्रमाणे ठरवलेल्या औषधांची रंगीत पाकिटं देतात. लघवीतून पू असेल तर राखाडी पाकिटात ॲझिथ्रोमायसिन एक ग्रॅम आणि सेफिक्सिम ४०० मिलीग्रॅम, एकदाच. परमा आणि क्लॅमिडिया बरेचदा जोडीने येतात म्हणून दोन्ही औषधं. "एवढ्याशा गोळीने काय होतंय" म्हणून बाहेरून आणखी घेऊ नका, आणि पोट बिघडतं म्हणून अर्धी उद्यावरही ठेवू नका. घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर क्लिनिकला कळवा, डोस परत द्यावा लागतो.

सेक्निडॅझोल किंवा मेट्रोनिडॅझोल चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस दारू बंद. डॉक्सिसायक्लिन ग्लासभर पाण्यासोबत बसून घ्या आणि अर्धा तास आडवे होऊ नका, नाहीतर गोळी अन्ननलिकेत चिकटून तिथे जखम करते. दूध आणि लोहाच्या गोळीपासून ती लांब ठेवा. तिने कातडी उन्हाला हळवी होते, आणि नागपूरच्या मे महिन्यात बांधकामावर किंवा डिलिव्हरीच्या गाडीवर काम करणाऱ्याची पाठ-मान सोलून निघते. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला दुपट्टा बांधाच. गर्भवतीला ही गोळी चालत नाही.

गरमीला आजही बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन हेच खरं औषध. २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत १२-१२ लाख. आधी थोडं टोचून ॲलर्जी बघतात आणि नंतर अर्धा तास बसवून ठेवतात. हे औषध दाट असतं, दुखतं, आणि ॲलर्जीच्या भीतीने अनेक लहान दवाखाने ते टाळून गोळ्या देतात. तुम्हाला ॲलर्जी नसेल तर मेडिकल-मेयोला जाऊन इंजेक्शनच घ्या. आजार एक-दोन वर्षांहून जुना किंवा कधीचा ते कळत नसेल तर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं लागतात. मधला आठवडा चुकला तर पहिल्यापासून सुरू करावं लागू शकतं. पहिल्या इंजेक्शननंतर त्याच रात्री ताप, थंडी, अंगदुखी होऊ शकते. ती जंतू मरताना होणारी प्रतिक्रिया असते, दिवसभरात उतरते, पॅरासिटामॉल पुरतं. हिला ॲलर्जी समजून पुढची इंजेक्शनं सोडणारे बरेच आहेत. अंगावर गांधी उठणं, श्वास लागणं, ओठ सुजणं ही खरी ॲलर्जी, आणि ती बहुधा मिनिटांत दिसते.

औषध घेतल्यावर सात दिवस संबंध नाही. सातव्या दिवशी दाखवायला जा, बरं वाटत असलं तरी. पू अजून येत असेल तर बहुतेकदा जोडीदाराचा उपचार राहिलेला असतो. नाहीतर जंतू औषधाला दाद देत नाही किंवा तिसराच कुठला जंतू असतो. आणखी एक कारण कोणी सांगत नाही: बरं झालं का हे पाहायला काही जण दिवसातून दहादा शिश्न दाबून बघतात. त्यानेच मूत्रमार्ग चिडतो आणि थेंबभर पाणी येत राहतं. दाबू नका.

रिपोर्ट कसा वाचायचा

आरपीआर किंवा व्हीडीआरएल पॉझिटिव्ह असेल तर पुढे १:८, १:३२ असा आकडा असतो. तो नसेल तर लॅबकडून मागून घ्या. उपचाराचा परिणाम त्यावरूनच कळतो. १:३२ वरून सहा ते बारा महिन्यांत १:८ किंवा खाली यायला हवा, म्हणजे निदान चौपट कमी. तीन, सहा आणि बारा महिन्यांनी तीच तपासणी त्याच लॅबमध्ये करा. व्हीडीआरएलचा आकडा आरपीआरच्या आकड्याशी ताडून पाहू नये. १:२, १:४ असे छोटे आकडे दुसऱ्या आजारांत किंवा गरोदरपणातही येतात, म्हणून टीपीएचए या गरमीच्या दुसऱ्या रक्ततपासणीने खात्री करतात. आणि टीपीएचए एकदा पॉझिटिव्ह आली की उपचारानंतरही ती बहुतेकांची जन्मभर तशीच राहते. तिच्याकडे बघून परत परत इंजेक्शनं घेऊ नका.

जोडीदाराला सांगणं

सगळ्यात अवघड काम हेच, आणि ते टाळलं तर बाकीचं वाया जातं. मागच्या तीन महिन्यांत ज्यांच्याशी संबंध आला त्या सगळ्यांना कळायला हवं. बायकोला किंवा नवऱ्याला सांगताना कोणामुळे झालं इथून सुरुवात केली तर दवाखाना बाजूला राहतो. "मला इन्फेक्शन झालंय, डॉक्टरांनी दोघांना एकदमच औषध घ्यायला सांगितलंय, उद्या सकाळी जाऊ" एवढं वाक्य पुरेसं असतं. तेही जमत नसेल तर आयसीटीसीचे समुपदेशक दोघांना बसवून बोलतात. स्वतःची उरलेली गोळी बायकोला चहासोबत देऊन टाकणं मात्र चुकीचं. तिला ॲलर्जी असू शकते, दिवस गेलेले असू शकतात, आणि तिची एचआयव्ही व गरमीची तपासणी राहूनच जाते. बायकोला त्रास नाही म्हणजे आजार नाही, असं धरू नका.

ती गरोदर असेल तर एक दिवसही घालवू नका. पहिल्याच तपासणीत एचआयव्ही आणि गरमी दोन्ही बघून घ्यायचे, डागात ते नेहमीचं आहे. गरमी निघाली तर पोटातल्या बाळापर्यंत भरवशाने पोचणारं औषध पेनिसिलिनच, आणि ते बाळंतपणाच्या किमान एक महिना आधी मिळायला हवं.

कंडोमबद्दल थोडं

पाकिटावरची तारीख बघा. पँटच्या मागच्या खिशात, ट्रकच्या डॅशबोर्डवर किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत ठेवलेला कंडोम आपल्या उन्हाळ्यात खराब होतो आणि ऐन वेळी फाटतो. खोबरेल तेल आणि व्हॅसलिनने रबर मिनिटांत कमजोर होतं, वंगण पाण्याचंच हवं. टोक चिमटीत धरून हवा काढायची, कोणताही स्पर्श होण्याआधी चढवायचा, आणि ताठरपणा असतानाच कडेला धरून बाहेर काढायचा. एकावर एक दोन घालू नका, घासून फाटतात. हर्पिस, गरमी आणि चामखिळी कंडोमने न झाकलेल्या कातडीवरूनही लागतात, त्यामुळे फोड दिसत असताना संबंधच नको. एचआयव्ही टाळण्यासाठी आधीच रोज घ्यायची प्रेप ही गोळी खासगी डॉक्टरांकडून मिळू शकते. ती सुरू करण्याआधी एचआयव्ही नाही आणि किडनी ठीक आहे हे तपासावं लागतं. परमा किंवा गरमी तिने टळत नाही. हिपॅटायटिस बीची लस (० दिवस, १ महिना, ६ महिने) घेतली नसेल तर याच फेऱ्यांत सुरू करा.

एचआयव्ही निघाला तर

मेडिकल आणि मेयो दोन्हीकडे एआरटी सेंटर (एचआयव्हीच्या औषधांचं केंद्र) आहे, औषध मोफत आणि लवकर सुरू होतं. गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजण्यापलीकडे खाली गेला आणि तसाच राहिला की संबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही. पहिला व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूची मोजणी, सहा महिन्यांनी होतो. गुप्तरोगाची तपासणी मात्र सुटत नाही. गरमी दर सहा महिन्यांनी बघायची, कारण एचआयव्ही असलेल्यांत ती डोळ्यांत आणि मेंदूत लवकर पोचू शकते. अचानक अंधुक दिसणं, कानात घुमणं, न थांबणारी डोकेदुखी झाली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता एआरटी सेंटरला जा. बायकांनी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणीही नियमित करावी.

एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७चा आहे आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, रिपोर्ट तुमच्या लेखी परवानगीशिवाय नातेवाइकाला किंवा मालकाला देता येत नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, नोकरीवरूनही काढता येत नाही. कोणी असं केलं तर तारीख, वेळ, खिडकी किंवा वॉर्ड आणि बोललेले शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा, सोबतच्या माणसाची सही घ्या, आणि रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही.